'वाऱ्याचं दुकान', खंड पहिला

मला जुना म्हणालात तर माझी हरकत नाही, मित्रांनो. माझा कणा दोनदा सुटला आणि दोनदा चिकटवला गेला. कोपरे झिजून गोल झाले आहेत. मधल्या एका पानावर कुणाच्या तरी मिसो सुपाचा थेंब वाळून चांदणी होऊन बसला आहे. पण मला 'बिचारा' मात्र म्हणू नका. माझ्या शेजारी उभे असलेले माझे सहा धाकटे भाऊ पाहा, कसे ताठ आणि गुळगुळीत दिसतात. गुणाचे आहेत सगळे. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी मला ओलांडावं लागतं. मी उंबरठा आहे, आणि ज्या घरात माणसं येतात-जातात त्याच घराचा उंबरठा झिजतो.

माझं नाव 'वाऱ्याचं दुकान', खंड पहिला. मी मांगा आहे, म्हणजे चित्रांतून सांगितलेली लांबलचक गोष्ट. माझ्यात इसाना नावाची एक मुलगी आहे. समुद्राकाठच्या एका टेकडीवर तिचं दुकान आहे आणि त्या दुकानात ती वारा विकते. कोळ्यांना शिडापुरता, पोरांना पतंगापुरता, म्हाताऱ्यांना दुपारच्या झोपेपुरता. मात्र स्वतःच्या घरात ती वाऱ्याची एक झुळूकही ठेवत नाही. का ठेवत नाही, ते माझ्या शेवटच्या पानावर आहे. ते मी इथे सांगणार नाही.

जिनं मला काढलं ती बाई दिसते कशी, मला ठाऊक नाही. तिच्या मनगटाचा थकवा तेवढा माझ्या रेघांत आहे. दूरच्या मोठ्या शहरात मी छापला गेलो, कापला गेलो, शिवला गेलो, आणि माझ्या कमरेला एक पिवळा कागदी पट्टा बांधला गेला. आमच्या देशात नव्या पुस्तकाला असा कमरपट्टा असतोच. पुस्तकाची ओळख आणि स्तुती त्याच्यावर छापलेली असते. माझ्यावर लिहिलं होतं, 'यंदाची सर्वांत ताजी झुळूक.' तेव्हा मी तरुण होतो. मला ते अगदी खरं वाटलं.

मग ट्रकनं उत्तरेला आलो. इथे समुद्र हिवाळ्यात करडा असतो आणि माकूळ पकडणाऱ्या होड्यांचे दिवे पाण्यावर लोंबकळत जातात. बंदराच्या रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानातून इवाकुरा बाईंनी मला उचललं. बाई माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात काम करतात. बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि अक्षर असं की त्यांनी लावलेली पाटी त्यांनाच वाचून दाखवावी लागते. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, माझा पिवळा पट्टा सोडवला आणि टोपलीत टाकला. ग्रंथालयात पट्टा चालत नाही, फाटतो, अडकतो. त्याच्या जागी माझ्या अंगावर पारदर्शक कातडं चढवलं. नवरीचे दागिने उतरवून तिला स्वयंपाकघरात पाठवावं, तसं मला त्या दिवशी वाटलं. पण स्वयंपाकघरातच खरा संसार असतो, हे मला पुढे कळलं.

काय दिवस होते ते, मित्रांनो. मी फळीवर कमी आणि हातांत जास्त असायचो. थंडीनं गारठलेले हात, बेसबॉलच्या मातीचे हात, आई-बापाबरोबर पहाटे मासळी निवडून आलेले हात. आमच्या शाळेत पुस्तक जाहिरातीनं फिरत नाही. ते कानातून कानात जातं. शाळेत शिरताना बूट बदलतात त्या कपाटापाशी एक मुलगी दुसरीला म्हणते, "तू अजून वाचलं नाहीस? मग आज माझ्याशी बोलू नकोस, माझ्या तोंडून काहीतरी निघून जाईल." झालं. दुसरी त्याच दुपारी माझ्यासमोर येऊन उभी.

आणि या कानातून कानात जाण्याचा एकच कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडण्याची कुणाची छाती नाही. शेवट सांगायचा नाही. वाच म्हण, हातात दे, गळ्यात मार, पण शेवट सांगू नकोस. एकदा एका मुलानं एका रहस्यकथेतला खुनी जेवताना भर वर्गात सांगून टाकला. आठवडाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही, आणि आठवड्यानंतर जो पहिला शब्द बोलला गेला तो होता 'गप्प'.

मग दिवस पालटले. नव्या मालिका आल्या, चकचकीत पाठींच्या. पुष्कळ मुलं फोनच्या पडद्यावर वाचू लागली. माझा कणा सुटला तशी माझी पानं दातांसारखी हलायला लागली आणि बाईंनी मला दुरुस्तीच्या खोलीत नेऊन ठेवलं. खोली कसली, सरकत्या दाराची एक खोबण. तिथे पाठ मोडलेल्या शब्दकोशाच्या आणि पानं गळलेल्या परीकथांच्या शेजारी मी कित्येक महिने पडून होतो. वाऱ्याच्या दुकानावर धूळ बसली. हे सांगताना मी रडणार नाही, कारण तसा पडून राहिलो नसतो तर मला तोवा भेटली नसती.

तोवा दुसऱ्या वर्षातली मुलगी. जूनमधल्या एका सकाळी वर्गात मोठ्यानं वाचताना तिचा आवाज एका शब्दापाशी अडकला आणि सुटेना. वर्ग हसला. वाईट हसला नाही. कुणाचा पाय घसरला की हसतात, तेवढाच. पण ते हसू तिच्या कानात जाऊन बसलं आणि उठायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच वळली. मग घरीच राहिली. त्यांचे वर्गशिक्षक हातोरी सर दर गुरुवारी अभ्यासाचे कागद घेऊन तिच्या घरी जायचे. दार तिची आई उघडायची. तोवा वरच्या खोलीतून खाली यायची नाही. सर अंगणातूनच वर पाहून सांगायचे, की आज शाळेत पेअरचं आइस्क्रीम होतं, किंवा खेळाच्या मैदानात कोल्हा आला होता, आणि सायकल वळवून निघून जायचे.

ऑगस्टातली उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर इवाकुरा बाईंनी निरोप धाडला, की वर्गात येऊ नकोस, ग्रंथालयात ये. माझ्याकडे आजारी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि हात दोनच.

ती आली. घंटा होऊन गेल्यावर, व्हरांडे रिकामे झाल्यावर, बाजूच्या फाटकातून. रोज तशीच येऊ लागली. दुरुस्तीच्या खोलीचं दार अर्धं ओढून घ्यायची आणि आत बसायची. शाळेचं जेवण बाई ताटात घालून तिला आणून द्यायच्या. तिच्या हाताखालून पहिल्यांदा शब्दकोश उठून बसला, मग परीकथा, मग मी. तिनं मला आधी वाचलं, सगळं, थांबत थांबत. मग माझ्या कण्यात डिंक भरला, रबर गुंडाळले आणि वर विटेएवढा एक विश्वकोश ठेवला. सकाळी मी पुन्हा एकसंध झालो होतो.

तोवानं मग एक निळी कागदी पट्टी कापली, माझ्या कमरेभोवती गुंडाळून मापली, आणि तिच्यावर बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं:

दुकान वाऱ्याचं, दारी उभी गं इसाना,
साऱ्या जगा देते वारा, स्वतःपाशी का ठेविना?

आणि खाली एक ओळ: 'वाचलंस तर मला सांग.'

मला पुन्हा कमरपट्टा मिळाला, मित्रांनो. पहिला यंत्रानं छापलेला होता आणि हजारोंच्या कमरेला तोच होता. हा माझ्या एकट्याच्या मापाचा होता.

तोवानं मग इतरांनाही पट्टे बांधले. एका जाडजूड कादंबरीला: 'सुरुवातीची पानं रडतखडत वाचा. मग आई जेवायला हाक मारेल आणि तुम्हाला ती ऐकू येणार नाही.' एका रहस्यकथेला: 'खुनी मला माहीत आहे. विचारू नका, आधीच पोटात दुखतंय.' एका प्रेमकथेला फक्त: 'बसमध्ये वाचू नका. मी सांगून ठेवलंय.' नाव कुठेच नाही.

आणि फळ्या हलायला लागल्या. मुलं पट्टे वाचायला येऊ लागली आणि पट्ट्याबरोबर पुस्तक घेऊन जाऊ लागली. हे कोण लिहितं, यावर पैजा लागल्या. काहींनी बाईंवर संशय घेतला. बाई म्हणाल्या, माझं अक्षर असं असतं तर माझं लग्न पत्रावरच जमलं असतं. सरकत्या दारामागे तोवा तोंडावर हात दाबून हसली. त्या खोलीत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता इबुकी. आमच्याकडे शाळा मुलंच झाडतात-पुसतात. रोज दुपारी घंटा झाली की फडकी, बादल्या, झाडू, आणि गटागटाला पाळीनं जागा वाटलेल्या. त्या आठवड्यात ग्रंथालय इबुकीच्या गटाकडे होतं. इबुकी तोवाच्याच वर्गातली, बास्केटबॉल खेळणारी, उंच, आणि आवाज असा की हळू बोलली तरी शेजारच्या वर्गात कळावं. ती गुडघ्यांवर बसून सगळ्यात खालची फळी पुसत होती. फडकं माझ्यापाशी आलं आणि थांबलं. तिनं पट्टा वाचला. मग फडकं बाजूला ठेवून तिनं मला, आमच्याकडची पुस्तकं उघडतात तसं, उजवीकडून उघडलं, आणि तिच्या वाट्याची फरशी तशीच राहिली.

घरी नेऊन तिनं मला खाकी कागदात गुंडाळलं. बंदरावरच्या त्या दुकानात कुठलंही पुस्तक घ्या, दुकानदार विचारतोच की वर कागद घालू का, आणि माकूळ-होडीचं चित्र असलेला खाकी कागद चढवून देतो. कोण काय वाचतं ते दुसऱ्याला दिसू नये, ही आमच्याकडची रीत. इबुकीच्या घरी असे कागद घडीघडीनं पडलेले असतात. आणि माझ्यासाठी तर तो कागद हवाच होता. कारण सकाळचा तास सुरू होण्याआधी शाळेत दहा मिनिटं सगळ्यांनी मुकाट्यानं वाचायचं असतं, आणि त्या वेळात मांगा चालत नाही. हातोरी सरांचं म्हणणं असं, की सकाळी अक्षरं, संध्याकाळी चित्रं. सर वाईट नाहीत. पण त्यांच्या समोरून मी खाकी कोट घालून ऐटीत जात होतो आणि मला त्यात मजा येत होती, हेही खरं.

इबुकीनं मला संपवलं, मग माझ्या भावांना संपवलं, मग पुन्हा मला नेलं. आणि एका दुपारी ती बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, हे पट्टे कोण लिहितं?"

"का गं?"

"मला सांग म्हणून लिहिलंय. आणि मला उत्तर सापडलंय. आता ते मी काय खिशात घालून फिरू?"

बाई म्हणाल्या, "फीर थोडे दिवस. उत्तर काही नासत नाही."

इबुकी पाय आपटत गेली. दाराआड तोवाच्या हातातली कात्री कागदाच्या मध्यावर थांबली होती.

त्याच आठवड्यात बाईंनी तोवाला दाराआड बसून सांगितलं, ते मी ऐकलं. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर बाईंना आणखी दोन शाळा सांभाळायच्या होत्या. इथे त्या आठवड्यातून एकच दिवस येणार होत्या. बाकीचे दिवस ग्रंथालयाला कुलूप. मुलांच्या हाती किल्ली देता येत नाही, कुणीतरी शिक्षक बसायला हवा, आणि शिक्षकांना श्वास घ्यायला फुरसत नाही.

तोवानं विचारलं, "मग बाकीचे दिवस मी कुठे बसू?"

बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, वर्गात तुझं बाक अजून तिथेच आहे.

"दार नाही उघडत मला त्या वर्गाचं, बाई. हात लावते आणि नाही उघडत." मग ती म्हणाली, "मी घरीच राहीन," आणि एका फाटक्या नकाशाला पट्टी लावू लागली. पट्टी वाकडी लागली. तिच्या हातून लागलेली वाकडी पट्टी मी तेवढी एकच पाहिली.

नोव्हेंबरात शाळेत पुस्तकांची झुंज असते. प्रत्येक वर्गातून एकानं यायचं, आपलं आवडतं पुस्तक घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि पाच मिनिटं त्याच्याबद्दल बोलायचं. हातात कागद नाही, फक्त पुस्तक. मग ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, आणि शेवटी हात वर करायचे. वक्ता कोण चांगला यावर नाही, कोणतं पुस्तक वाचावंसं वाटलं यावर. इबुकीच्या वर्गात कुणी तयार होईना, तेव्हा सगळ्यांनी हाताचे खेळ खेळले, दगड-कागद-कात्री. इबुकी हरली. हातोरी सरांनी तिला डोंगरावरच्या बचावपथकाची एक सुंदर कादंबरी सुचवली. तिनं ती दुकानातून विकत आणली, अर्थात खाकी कागदात, आणि चेंडूचे टप्पे मारत मारत भाषण पाठ केलं.

आता पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ती कादंबरी आणि मी एकाच दप्तरात होतो. उंचीनं सारखे, अंगानं सारखे, एकाच कागदाचे कोट घातलेले. आणि आमच्या शाळेची रीत अशी, की आपली पाळी येईपर्यंत कुणी पुस्तकाचा कागद काढायचा नाही. सगळ्यांसमोर काढायचा.

झुंज ग्रंथालयातच होती. टेबलं भिंतीला लावली होती, मुलं फरशीवर दाटीवाटीनं बसली होती. घंटा आणि घड्याळ घेऊन हातोरी सर पुढे बसले होते. दुरुस्तीच्या खोलीचं दार पूर्ण ओढलेलं होतं. आत तोवा होती, हे फक्त बाईंना ठाऊक होतं, आणि मला.

पहिल्या वर्षाचा एक मुलगा समुद्रातल्या आठपायी प्राण्याच्या कादंबरीवर बोलला. छान बोलला, मी नाही म्हणणार नाही. मग इबुकी उठली. तिनं दप्तरातून खाकी पुस्तक काढलं, वर धरलं, कागद सोडवला. आणि बाहेर आलो मी. निळा पट्टा बांधलेला, टेकडीवरच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलीचं चित्र अंगावर मिरवणारा.

इबुकीनं माझ्याकडे पाहिलं. हातोरी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, डोंगर फारच सपाट निघाला. सरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. जे पुस्तक वर धरलं त्याच्यावरच बोलायचं, नियम तो नियम, आणि वेळ सुरू झाली होती.

तिच्या बोटांना घाम सुटला होता, तो मला लागत होता. पाठ केलेलं सगळं त्या दुसऱ्या पुस्तकाबरोबर दप्तरात राहिलं होतं. मग तिनं एक श्वास घेतला, चेंडू फेकण्याआधी घेते तसा.

ती म्हणाली, मी हे पुस्तक वाचायला घेतलं नव्हतं. मी फळी पुसत होते. याच्या कमरेला एक प्रश्न बांधला होता, त्यानं माझा हात धरला. मग ती टेकडीबद्दल बोलली, इसानाबद्दल बोलली, पतंगापुरता वारा मागायला आलेल्या पोराबद्दल बोलली. ते पान तर तिनं उघडून दाखवलं आणि पुढच्या रांगेतली मुलं गुडघ्यांवर उठली. तिला वाक्यं जुळवता येत नव्हती. एक अर्धं सोडून ती दुसऱ्यावर उडी मारत होती. पण मित्रांनो, आजवर माझी स्तुती छापखान्यानंही केली होती आणि समीक्षकांनीही. ही वेगळी होती. ही भूक लागलेल्या माणसानं जेवणाबद्दल बोलावं तशी होती.

मला तिची नाडी कळत होती. आणि ती कुठे निघाली आहे तेही कळायला लागलं. ती माझ्या शेवटच्या पानाकडे धावत होती. इतके दिवस खिशात घालून फिरवलेलं ते उत्तर आता तिच्या जिभेवर आलं होतं. ती विसरली होती की समोर सगळी शाळा बसली आहे.

"आणि इसाना स्वतःसाठी वारा का ठेवत नाही, ठाऊक आहे? शेवटच्या पानावर कळतं. ती मागच्या खोलीत जाते, आणि तिथे तिचा..."

"थांब."

आवाज सरकत्या दारामागून आला. मोठा नव्हता. पण त्या खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला.

"तेवढं सांगू नकोस."

दार हातभर सरकलं. तोवा उभी होती, बोटांना डिंक लागलेला, चेहरा कागदासारखा पांढरा. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण बोललो. ती दार पुन्हा ओढणार होती. मी पाहिलं, तिचा हात चौकटीवर घट्ट झाला होता.

इबुकीनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या पट्ट्याकडे पाहिलं, तिच्या डिंकाळलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं.

"पण तूच विचारलं होतंस," इबुकी म्हणाली. "वाचलंस तर मला सांग, म्हणून."

तोवाचे ओठ हलले, अडकले, पुन्हा हलले. सगळी खोली वाट पाहत होती.

"मला सांग म्हटलंय," ती म्हणाली. "सगळ्यांना नाही."

आणि सगळे हसले. छपरापर्यंत हसले. मी तोवाकडे पाहत होतो, तुम्हाला खोटं सांगत नाही, माझी पानं भीतीनं आवळली होती. पण या हसण्याला ती मागे सरली नाही. तिनं एकदा डोळे मिटले, उघडले, आणि दार होतं तसं अर्धं उघडं ठेवून चौकटीला टेकून उभी राहिली.

पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. घंटा झाली नव्हती. हातोरी सर घंटा हातात धरून त्या दाराकडे पाहत बसले होते. कित्येक गुरुवार त्यांनी ज्या आवाजासाठी अंगणात उभं राहून वर पाहिलं होतं, तो आवाज त्यांना आज ऐकू आला होता. शेवटी बाईंनी त्यांच्या हातातली घंटा घेतली आणि वाजवली.

प्रश्नांच्या वेळी सगळ्यांचे हात वर. पण माझ्याबद्दल कुणी इबुकीला विचारलंच नाही. सगळे तोवाला विचारत होते. ती जाडी कादंबरी कुठवर रडतखडत वाचायची? बसमध्ये खरंच वाचू नये का? तिनं प्रत्येकाला दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं, काही अडखळत, काही सरळ. एकानं खुनी कोण म्हणून विचारलं, तेव्हा तिनं पोटावर हात ठेवून मान हलवली.

मतं मोजली गेली. आठपायी प्राणी जिंकला, मी हरलो. थोडक्यात हरलो. त्या मुलाच्या भाषणाचा शेवट झाला होता आणि माझ्या भाषणाचा नाही, एवढाच फरक होता, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी जी रांग लागली, ती व्हरांड्यात वळसा घालून हात धुण्याच्या नळांपर्यंत गेली होती.

त्या रांगेत उभं असताना इबुकीला बाईंच्या बदललेल्या वेळापत्रकाबद्दल कळलं. ती रांग सोडून सरळ शिक्षकांच्या खोलीत गेली. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण ती परत येऊन बाईंना सांगत होती तेव्हा मी बाईंच्याच टेबलावर होतो. तिनं सरांना म्हटलं, की मुलं पाळी लावून ग्रंथालय उघडं ठेवतील, पुस्तकं देतील-घेतील, झाडतील. फक्त एक शिक्षक बसायला हवा. सर म्हणाले, मला वह्या तपासायच्या असतात, डोंगराएवढ्या. इबुकी म्हणाली, "मग तो डोंगर तिथे आणा ना, सर. तुम्हाला डोंगर आवडतात."

सुट्टी संपली, बर्फ पडलं, बाई दुसऱ्या शाळांना जाऊ लागल्या. आणि पहिल्याच दिवशी हातोरी सर वह्यांचा गठ्ठा घेऊन आले, उबेच्या स्टोव्हजवळच्या टेबलाशी बसले, आणि किल्ली तोवाच्या समोर ठेवून म्हणाले, "उघडझाक तू कर. मला कुलपाचं काही समजत नाही." कुलूप साधं होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

तोवा त्या वर्षी वर्गात पूर्ण दिवस बसली नाही. ते मी गोड करून सांगणार नाही. ती आधी फक्त सकाळच्या दहा मिनिटांपुरती जायची. इबुकी तिला न्यायला यायची आणि दार इबुकी उघडायची. मग दहाचे चाळीस झाले. मार्चमध्ये दोन तास. बाकीचा वेळ ती माझ्याजवळ असायची आणि कुणी खालच्या वर्गातलं पोर फळ्यांसमोर गोंधळून उभं राहिलं, की त्याला विचारायची, तुला आज हसायचंय की रडायचंय? आणि त्याप्रमाणे हातात पुस्तक द्यायची. वर एक शब्द जास्त नाही.

इबुकीनं तिला उत्तर सांगितलं का? सांगितलं. दुरुस्तीच्या खोलीत, दार लावून. मी दोघींच्या मध्ये टेबलावर होतो. दोघींची उत्तरं वेगळी निघाली. इतकी वर्षं शेवटचं पान माझ्याच पोटात आहे आणि मलाही त्या दोघींपैकी खरी कोण, ते ठरवता आलेलं नाही. त्या भांडल्या, मग भाताचे गोळे खाल्ले, मग पुन्हा भांडल्या.

त्या दोघी आता मोठ्या झाल्या, गावाबाहेर गेल्या. मुलं पाळ्या लावतात, दार रोज उघडतं. पट्टे आता पुष्कळ जण लिहितात. काही वाईट लिहितात, पण लिहितात.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. काचेच्या कपाटात जपलेली पुस्तकं मी पाहिली आहेत, ती माझ्यापेक्षा लवकर म्हातारी झाली. मला वापरा. हात धुऊन धरा, पान मुडपू नका, सूप जरा लांब ठेवा. पान सुटलं तर लपवून फळीवर खोचू नका, कुणाला तरी दाखवा, डिंक स्वस्त आहे. मला वाचून तुमच्या मनात काही हललं, तर ते मनात ठेवू नका. तुमच्याच वयाचं कुणीतरी, तुमच्याच वर्गातलं, कुठल्यातरी दाराआड बसलेलं असेल. त्याच्या हातात मला ठेवा आणि म्हणा, वाच. त्याच्या पुढचं त्याचं त्याला सापडू द्या.

आणि हो, माझे भाऊ देखणे आहेत म्हणून मधूनच कुठलातरी उचलू नका. आधी मी.